अंगणातल्या लॉनचा काथ्या झाला. आता पेव्हर, फरशी की आणखी काही?

भाकरवेळ (६ मे, सकाळी)

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहतो. घरापुढे ३० बाय २० फूट मोकळी जागा आहे, तोंड पश्चिमेला. दुपारी दोननंतर तिथं नुसता तवा असतो. चार वर्षांपूर्वी हौसेनं लॉन लावलं. पहिलं वर्ष छान गेलं. पण नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि ज्या बोअरच्या जिवावर ही हौस केली ते यंदा मार्चमध्येच गुळण्या करायला लागलं. आता लॉनचा काथ्या झालाय.

कंत्राटदार बोलावला. तो म्हणाला, "साहेब, सगळीकडं पेव्हर ब्लॉक ठोकून टाकू, जन्माची कटकट जाईल." बायको म्हणते, सगळं सिमेंट केलं तर संध्याकाळी बाहेर बसायचं कुणी? आईचं तिसरंच: तुळशीपुढं सडा-रांगोळीला जागा पाहिजे, आणि ती मातीची पाहिजे.

माझ्या डोक्यात असं आहे की थोडी फरशी, मधे जमिनीलगत पसरणारी झाडं, आणि पाणी कमीत कमी. एक कारही उभी राहायला हवी. जमीन काळी. असं कुणी केलंय का? काय टिकलं, काय मेलं, ते सांगा.

नुसतीच_बडबड

सिमेंट करा आणि वर हिरवा ऑइलपेंट मारा. दर दसऱ्याला नवा हात.

गोदाकाठ

सगळं पेव्हर करण्याची चूक आम्ही केलीय, तुम्ही करू नका. दिसायला पहिले सहा महिने झकास. नंतर कळलं की दिवसभर तापलेले ते ब्लॉक रात्री दहा-अकरापर्यंत झळ सोडत राहतात. आमच्या पुढच्या खोलीत कूलर आधीपेक्षा एक तास जास्त चालतो. आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळं पाणी फाटकातून रस्त्यावर. ज्या पाण्यासाठी आपण रडतो ते डोळ्यांदेखत गटारात जाताना बघायचं.

हिरवा_चष्मा

कृत्रिम हिरवळ अंथरा की. पाणी शून्य.

गोदाकाठ

@हिरवा_चष्मा, सोलापूरच्या मे महिन्यात त्याच्यावर अनवाणी उभं राहून दाखवा. मी चहा पाजेन.

पाणीपट्टी

भाकरवेळ, आधी एक हिशेब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तुमचं अंगण ६०० चौरस फूट, म्हणजे ५५-५६ चौरस मीटर. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायला दिवसाला ५ मिमी तरी लागतं. म्हणजे रोज २८० लिटर, आणि पुढचं पाणी येईपर्यंतच्या पाच दिवसांत १४००. तुमच्या गच्चीवरच्या टाकीपेक्षा हे जास्त असेल. लॉन मेलं यात तुमचा दोष नाही, गणितच बसत नव्हतं.

भाकरवेळ

टाकी हजार लिटरची आहे. म्हणजे चार वर्षं मी गवताला पाजत होतो आणि घरचे बादलीनं अंघोळ करत होते. हा प्रतिसाद बायकोला दाखवणार नाही.

दगडू_फोडे

मी स्थापत्यवाला, निम्मं आयुष्य काळ्या मातीशी भांडण्यात गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

झाडांचं नंतर बघा. काळी माती हाच तुमचा मूळ प्रश्न आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. सोलापुरात मे महिन्यात भेगेत हात जातो. तिच्यावर नुसता वाळूचा थर देऊन ब्लॉक मांडले तर दोन वर्षांत अंगणाची नांगरट झाल्यासारखं दिसेल. कंत्राटदार "ठोकून टाकू" म्हणाला ना, त्याला एकच विचारा: किती खोल खणणार? चार इंच म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

कार जिथून जाणार तिथं सव्वा फूट खणायचं. काळी माती काढून बाजूला ठेवा, टाकू नका, झाडांना लागेल. मग सहा इंच मुरूम, पाणी मारून धुमसानं किंवा मशीननं दाबलेला. त्यावर चार इंच खडी, पुन्हा दाबायची. वर दीड इंच कच (दगडाचा बारीक चुरा), आणि मग ब्लॉक. गाडीखाली ८० मिमी जाडीचे, माणसांच्या वाटेला ६० चालतात. कडेला काँक्रीटची कड हवीच, नाहीतर कडेचे ब्लॉक दातांसारखे हलायला लागतात. उतार घरापासून लांब जाणारा, दहा फुटांना दोन-अडीच इंच.

आणि मुख्य गोष्ट: कारला चाकांखालीच फरशी लागते. दोन-दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या करा, मधली जागा मोकळी सोडा. पट्ट्यांचं अंतर तुमच्या गाडीची चाकं मोजून ठरवा. कुणा मेव्हण्याच्या गाडीवरून ठरवू नका. असं झालेलं मी पाहिलंय.

कुरडई

काका, खाली प्लास्टिक अंथरतात ना, गवत येऊ नये म्हणून?

दगडू_फोडे

प्लास्टिक नको. पाणी मुरत नाही, खाली साचतं आणि ब्लॉक पोहायला लागतात. आणि लव्हाळा प्लास्टिक फोडूनही वर येतो. त्याच्या गाठी चाळून काढल्या तरच उपयोग. हे काम एप्रिल-मेमध्येच होतं: जमीन खणून उन्हात तापू द्या.

माळावरची_आजी

बाळा, तुझ्या आईचं बरोबर आहे. सिमेंटवर सडा घातला तर तो सडा नव्हे, फरशी पुसणं झालं. तुळशीपुढं चार बाय चार फूट जागा मुरूम आणि माती कालवून चोपून घे आणि शेणानं सारव. आठवड्यातून एकदा सारवलं की रांगोळीला यापेक्षा चांगली जागा नाही. भोवती विटांची उभी कड लाव म्हणजे पावसात वाहून जाणार नाही.

आता झाडं. मी बार्शीजवळ माळावर राहते, विहिरीला मार्चनंतर पाणी नसतं, तेव्हा माझ्याकडे जे टिकलं तेवढंच सांगते.

पहिली जलपिंपळी. काही लोक रतोलिया म्हणतात. ओढ्याच्या काठाला, बांधाला आपोआप येते. जमिनीला चिकटून पसरते, पांढरी-जांभळी बोंडासारखी फुलं. तिच्यावरून चाललं तरी काही होत नाही. सुरुवातीचे दोन महिने पाणी लागतं, पुढं मुळं खाली गेली की आठ-दहा दिवसांनी दिलं तरी जगते. उन्हाळ्यात तपकिरी पडते, पण मरत नाही. मधमाश्या फार येतात, हे मात्र लहान मुलं असतील तर लक्षात ठेव.

दुसरी विष्णुक्रांता, निळ्या फुलांची. रोपवाटिकेत तिचीच मोठ्या पानाफुलांची विलायती बहीण मिळते. फुलं सकाळची, दुपारी मिटतात. हिच्यावर पाय देऊ नये, कडेला लावावी.

तिसरं ऑफिस टाइम आणि चिनी गुलाब. नुसता फांदीचा तुकडा खोचला तरी लागतो. पश्चिमेचं ऊन यांना मानवतं. पाणी जास्त झालं तर मात्र कुजतात.

पानओवा भिंतीच्या सावलीत. सर्दीला होतो आणि भजीलाही.

नुसतीच_बडबड

ऑफिस टाइम आमच्या ऑफिसातल्यांपेक्षा वक्तशीर आहे. दहाला उघडतं म्हणजे उघडतं.

कुरडई

आजी, चिनी गुलाब म्हणजे घोळाच्याच जातीचा ना? मग सरळ घोळच लावावा की. अंगण झाकलं जाईल आणि भाजीही होईल.

नुसतीच_बडबड

म्हणजे अंगणात अधिकृतपणे घोळ घालायचा.

माळावरची_आजी

त्याच कुळातला. घोळ पाऊस पडला की न लावताच येतो. मुगाची डाळ भिजवून, लसूण जास्त, आंबटसर होते भाजी. ज्वारीच्या भाकरीबरोबर. पण हिवाळ्यात तो संपतो आणि जागा उघडी पडते. अंगणाला त्याचा भरवसा नाही.

खमंग

आमच्याकडे घोळात ताक आणि बेसन घालतात, पळीवाढी. डाळ घालून कोरडी कधी खाल्ली नाही.

कुरडई

ताकातली म्हणजे मोठ्या पानांची. बारीक पानांची चिघळ, तिला डाळच.

पाणीपट्टी

धागा पाककृती विभागात हलवावा का?

वेडेलिया_भक्त

इतकी डोकेफोड कशाला? वेडेलिया लावा. पिवळी फुलं, बारमाही हिरवं, काही करावं लागत नाही. आमच्या सोसायटीचं सगळं आवार तीन महिन्यांत झाकलं.

माळावरची_आजी

झाकलं, आणि आता काढून दाखव म्हणावं.

रानवाटा

@वेडेलिया_भक्त, कृपा करून हे कुणाला सुचवू नका. वेडेलिया मूळची अमेरिका खंडातली आणि जगातल्या सर्वात उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. तिचा तुकडा ओढ्यात गेला की ओढ्याचा काठ तिचाच. कोकणात आणि गोव्यात पाटांच्या कडेला जाऊन बघा, खाली दुसरं काही उगवलेलं दिसणार नाही. लोकांना "काही करावं लागत नाही" हे कौतुक वाटतं, मला त्याचीच भीती वाटते. शिवाय ती गुडघ्याएवढी वाढते, आत साप बसला तरी कळायचं नाही.

हिरवा_चष्मा

सापाचं बरं काढलंत. जमिनीलगतची झाडं म्हणजे साप-विंचू आलेच ना? आमच्या आईनं याच कारणानं अंगणात काही लावू दिलं नाही.

रानवाटा

दोन-तीन इंच उंचीच्या पसाऱ्यात साप सहसा लपत नाही. साप येतो उंदरांच्या मागे आणि बसतो अडगळीत. विटांचा ढीग, जुनी कुंडी, कोपऱ्यातला पाला. उरलेले पेव्हर "पुढंमागं लागतील" म्हणून भिंतीला रचून ठेवतो ना आपण, तिथं विंचू हमखास.

दगडू_फोडे

माझ्या परसात आत्ता असा ढीग आहे. आलोच हातमोजे घालून.

सांजपरदेशी

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहते, मूळची पंढरपूरची. आमच्याकडे उन्हाळ्यात पाच महिने पाऊस नाही आणि तापमान चाळिशी ओलांडतं, तेव्हा तुमचं दुःख ओळखीचं आहे. २०१५ च्या दुष्काळात राज्यभर शहरी पाणीवापर २५ टक्के कमी करायचा आदेश निघाला, तेव्हा शेजारीपाजारी सगळ्यांनी लॉन उपटली. काहींनी नुसती खडी ओतली. त्या गल्लीतून दुपारी चालवत नाही.

आम्ही मोठे दगडी पेव्हर लांब लांब मांडून मधे जमिनीवर पसरणारा थाइम लावला. दिसतो सुंदर, पण सोलापूरच्या दमट पावसाळ्यात तो कुजेल, तेव्हा आमचे फोटो बघून मोहात पडू नका. मागच्या अंगणात मात्र 'कुरापिया' नावाचं झाड लावलं. बरेच डॉलर मोजून, ट्रेमधली रोपं. जपानमध्ये निवडलेली, बी न धरणारी, कमी पाण्याची म्हणून इथं फार नाव आहे. आजींचा प्रतिसाद वाचून शास्त्रीय नाव शोधलं. ती जलपिंपळीच निघाली! लहानपणी चंद्रभागेच्या वाळवंटाकडे जाताना जी तुडवत जायचो, तीच मी पैसे देऊन आणली.

माळावरची_आजी

मला कळवलं असतंस तर पोत्यानं दिली असती.

पाणीपट्टी

@सांजपरदेशी, हे वाचून पोट धरून हसलो. भाकरवेळ, आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा माणूस तेच सुचवणार. बोअरचं पाणी आरओत घातलं की बाहेर पडणारं पाणी मूळ पाण्यापेक्षा खारट असतं. काळ्या मातीत ते रोज ओतलं तर क्षार साठून माती घट्ट बसते. लादी पुसायला, संडासात टाकायला वापरा. कपड्यांच्या साबणाच्या पाण्याचंही तेच. भाज्या-तांदूळ धुतलेलं आणि एसीचं पाणी बिनघोर द्या.

गोदाकाठ

आणि गच्चीचं पाणी? १००० चौरस फूट गच्चीवर १० मिमी पाऊस पडला तरी ९०० लिटरच्या वर पाणी होतं. पन्हाळाचा पाइप अंगणाच्या खोलगट भागात सोडायचा. पायाजवळ मात्र नको.

दगडू_फोडे

काळ्या मातीत पायापासून दहा फूट तरी लांब. नाहीतर अंगण वाचेल आणि भिंतीला तडा जाईल.

हरळीप्रेमी

कुणीच हरळीचं नाव घेत नाही याचं नवल वाटतं. दूर्वा! फुकट, चिवट, पायाखाली चालणारी, वाळली तरी पहिल्या सरीला हिरवी. गणपतीत २१ दूर्वांच्या जुड्या घरच्या अंगणातल्या. अनेकांची ती महागाची लॉन मुळात हरळीच्याच जातीची असतात.

दगडू_फोडे

कारण हरळी फटीतून घुसून ब्लॉक उचलते. मी तिच्याशी तीस वर्षं लढतोय, आत्तापर्यंत तीच जिंकलीय.

हरळीप्रेमी

मग जिंकणाऱ्याच्या बाजूनं जावं.

भाकरवेळ (१४ मे)

सगळ्यांचे आभार. आईला आजींचा प्रतिसाद वाचून दाखवला. तेव्हापासून ती मला नाही, आजींनाच विचारा म्हणते.

ठरलं ते असं. कारला दोन पट्ट्या. फाटकापासून दारापर्यंत शहाबादी फरशीची वाट, फटी तीन-चार इंच. तुळशीपुढं सारवलेला चौकोन. बाकी माती, त्यात जलपिंपळी, आणि पश्चिमेच्या कुंपणाला शेवगा. पाचट पसरायचं का? शेतातून फुकट मिळेल.

माळावरची_आजी

रोपं लहान असेपर्यंत दोन इंच पसर, बुंध्याला चिकटवू नको. वाळवी लागते, भिंतीजवळ टाकूच नको. आणि लावणी मे महिन्यात करू नको रे बाबा. दोन पाऊस होऊ दे. एकेक फुटावर तुकडे लाव.

दगडू_फोडे

शहाबादी दीड इंच जाडीची, खडबडीत बाजू वर. गुळगुळीत बाजू पावसात शेवाळली की घसरगुंडी. काळा कडप्पा मुळीच नको, पाय भाजतात. दोन फरश्यांचे मध्य २० इंचांवर ठेवा. आई साडीत चालणार, त्यांच्या पावलांवर माप घ्या, तुमच्या नाही. फटीतली माती फरशीपेक्षा अर्धा इंच खाली, म्हणजे झाडाच्या डोक्यावर पाय पडत नाही. खाली पोकळ राहिली तर शहाबादी तडकते, तेव्हा कच नीट भरून घ्या.

नुसतीच_बडबड

वर्षभरानं मेलेल्या झाडांचे फोटो टाका. आम्ही आहोत.

भाकरवेळ (पुढचं वर्ष, ११ मे)

नुसतीच_बडबड, घ्या. वर्ष झालं.

खणायला लागल्यावर कंत्राटदार कुरकुरला, मग दुसरा आणला. सव्वा फूट खणलं, निघालेली काळी माती कडेच्या वाफ्यांत गेली. जून कोरडा गेला म्हणून लावणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात केली. आमच्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात. त्यात जलपिंपळी अशी सुटली की दिवाळीपर्यंत जवळजवळ सगळं अंगण झाकलं. मधे एकदा फाटकाजवळ उतार उलटा निघाला, डबकं साचलं. चार ब्लॉक उचलून कच भरला, तासाभराचं काम. हेच काँक्रीट असतं तर फोडावं लागलं असतं.

आता मेलेलं. दगडू काकांना न विचारता मी रोपवाटिकेतून पिंटो भुईमूग आणला होता, फोटो बघून. मार्चमध्ये गेला. कुंपणाजवळची विष्णुक्रांता निम्मी गेली. कारच्या पट्ट्यांमधे ऑफिस टाइम लावला होता, तो इंजिनाच्या झळीनं आणि तेलाच्या थेंबांनी गेला. तिथं आता नुसती खडी आहे. मुंग्यांनी फटींतला कच दोन वेळा उपसून ढीग लावले.

पाणी: हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, एप्रिलपासून दर सहा दिवसांनी. आजी म्हणाल्या होत्या त्यापेक्षा जास्त लागतं, पश्चिमेचं ऊन म्हणून असेल. एका खेपेला साधारण २०० लिटर. आत्ता जलपिंपळी तपकिरी दिसतेय, पण खरवडून बघितलं, मुळाशी हिरवी आहे. शेवगा डोक्याच्या वर गेलाय, संध्याकाळी त्याच्या सावलीत दोन खुर्च्या बसतात. एकीवर आई, दुसरीसाठी आमची भांडणं.

हरळी आली. न लावता, तीन ठिकाणी.

हरळीप्रेमी

😌

दगडू_फोडे

तेलाच्या थेंबांना झाडं काय करतील, आधी गाडी दुरुस्त करा. बाकी काम चांगलं झालंय. डबक्याच्या जागी पुढच्या पावसात परत बघा, कच अजून बसेल.

माळावरची_आजी

सहा दिवसांनी लागतं ते ठीक आहे रे, पहिलाच उन्हाळा आहे तिचा. पुढच्या वर्षी आठवर ने. आईला म्हणावं सारवताना शेणात थोडी राख घाल.

कुरडई

लातूरला कुणी जलपिंपळीचे तुकडे पाठवू शकेल का? ओल्या गोणपाटात गुंडाळले तर एसटीनं येतील.

भाकरवेळ

पाऊस पडू द्या. आत्ता उपटली तर आई मला उपटेल.